आईचा बीपी मीच चुकीचा मोजला

भाऊबीजेच्या दुपारी निपाणीच्या घरात मी आईचा बीपी मोजला, तो असा: ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ पाटावर बसलेली, पाठीला टेकण नाही, पट्टा बांधलेला हात खाली लोंबतोय, दुसऱ्या हातानं नातवाला चकली देणं चाललंय आणि तोंडानं वहिनीला ‘शेव डब्यात भरलीस का’ म्हणून विचारणं. मी मशीनचं बटण दाबलं. 168/102. परत दाबलं, 164/98. तिसऱ्यांदा 170/100. तिन्ही आकडे कागदावर लिहिले, खाली तारीख घातली आणि भावाला म्हटलं, उद्याच्या उद्या डॉक्टरांना दाखव.

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली नर्स. अकरा वर्षं झाली बेळगावात वॉर्डात काम करते. त्या दुपारी मी काय काय चुकवलं याची यादी मला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येईल. तरीही चुकवलंच.

घाबरले होते, हे एक कारण. बाबांना छातीत दुखायला लागलं तेव्हा मी नुकतीच बारावी झाले होते. डाव्या हाताला कळ, दरदरून घाम, आणि आम्ही ‘पित्त खवळलंय’ म्हणून रात्रभर सोडा-लिंबू देत बसलो. सकाळ त्यांनी पाहिली नाही. आज आमच्याकडे कुणी नुसतं ‘छाती भरल्यासारखी वाटते’ म्हणालं तरी दहा मिनिटांच्या आत ईसीजी निघालाच पाहिजे, या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. त्यामुळे 168 दिसल्यावर माझ्या डोळ्यापुढं आई नव्हतीच, बाबा होते.

डॉक्टरांनी कागद पाहिला. आई आधीपासून बीपीची गोळी, ॲम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम, घेत होती, ती 10 केली आणि जोडीला बीपीचीच दुसरी, टेल्मिसार्टन 40 दिली. पोटची पोरगी, त्यात नर्स, तिनं तीन वेळा मोजून लिहिलेलं. त्यांनी शंका कशाला घ्यावी?

तीन आठवड्यांनी पहाटे चारला भावाचा फोन. लघवीला म्हणून उठली, न्हाणीच्या दारात डोळ्यापुढं अंधारी आली आणि कपाळ चौकटीवर. चार टाके.

सकाळची पहिली बस धरली. शक्ती योजना आल्यापासून आम्हा बायकांना कर्नाटकच्या बसला तिकिटाचे पैसे पडत नाहीत, आधार दाखवला की शून्याचं तिकीट फाडून मिळतं. काकती, हत्तरगी, संकेश्वर मागं पडत होतं आणि मी त्या शून्याच्या तिकिटाकडं बघत एकच आठवत बसले होते: भाऊबीजेला पट्टा दंडाला नीट पुरला होता का? नव्हता. शेवटचं टोक जेमतेम चिकटलं होतं, फुगताना दोनदा चरचर करून सुटलंही होतं. मी हातानं दाबून धरलं होतं. वॉर्डात शिकाऊ मुलीनं असं केलं असतं तर मी तिला सगळ्यांसमोर बोलले असते.

घरी पोचल्यावर आधी वहिनीच्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधला टेप घेतला. खांद्याचं हाड आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर आईचा दंड मोजला: 39 सेंटिमीटर. मशीनच्या पट्ट्यावर छापलेलं होतं, 22 ते 32. पट्ट्याच्या आतल्या रबरी फुग्यानं दंडाचा साधारण 80 टक्के घेर वेढायला हवा. तो तोकडा पडला की रक्तवाहिनी दाबायला हवा जास्त भरावी लागते, आणि मशीन ती जास्तीची हवा बीपी म्हणून दाखवतं. फार जाड दंड असेल तर वरचा आकडा 20 पर्यंत फुगू शकतो.

“आई, तुझ्या मापाचा कफ नाही या मशीनला,” मी म्हटलं.

“मला कुठं खोकला झालाय?” आई म्हणाली.

टाके पडलेल्या कपाळानिशी ती हे बोलली आणि मला हसू की रडू कळेना. तेव्हापासून घरात त्याला पट्टाच म्हणायचं ठरलं.

मोठा पट्टा मी बेळगावहून येतानाच वॉर्डातल्या मैत्रिणीकडून मागून आणला होता. आईला पाच मिनिटं आडवं केलं, मोजला: 120/72. मग उभं केलं, भाऊ मागं धरायला. एका मिनिटानं 94/60. “फिरतंय,” ती म्हणाली आणि भावाचा सदरा धरला. तिसऱ्या मिनिटाला 98. उभं राहिल्यावर वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 नं उतरला तर तो धोक्याचा बावटा समजायचा, हे आम्ही परीक्षेला पाठ केलेलं असतं. वयस्कर माणसाच्या गोळ्या वाढवल्यावर उभ्यानं मोजायचं मात्र फार थोडे जण करतात. घरी तर कोणीच नाही.

हे आकडे घेऊन डॉक्टरांकडे मी स्वतः गेले आणि भाऊबीजेला कसं मोजलं होतं तेही सांगितलं. पाटाचं, चकलीचं, सुटणाऱ्या पट्ट्याचं, सगळं. सांगताना कान तापले होते. ते रागावले नाहीत. टेल्मिसार्टन थांबवली, ॲम्लोडिपिन परत 5 वर आणली आणि म्हणाले, सात दिवस घरी नीट मोजून आणा, मग बघू. माझ्या मनात आलं होतं की गोळ्या त्याच सकाळी आपणच बंद कराव्यात. केल्या नाहीत हे बरं झालं, नाहीतर चुकीवर दुसरी चूक झाली असती.

सात दिवसांचा हिशेब असा असतो: सकाळी गोळी आणि न्याहारीच्या आधी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मध्ये एक-दोन मिनिटांचं अंतर. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यायचे, उरलेल्यांची सरासरी काढायची. दवाखान्यात 140/90 ही हद्द धरतात, घरच्या सरासरीला 135/85. मी चार दिवसांची रजा टाकली, पुढचे तीन दिवस वहिनीवर.

खरी झटापट आईला खुर्चीत बसवण्याची झाली. चौतीस वर्षं विड्या वळल्यात तिनं. मांडी घालून, मांडीवर सूप, सुपात जर्दा आणि भिजवलेली तेंदूची पानं, रोज हजार विड्या. खुर्चीत बसवली तरी दोन मिनिटांत पाय आपोआप वर जाऊन मांडी पडायची. पाय एकावर एक किंवा मांडीत असले की आकडा चढतो, तळवे जमिनीला टेकलेले हवेत. शेवटी वहिनीनं तिच्या पायाखाली जुनं सूपच उपडं घातलं. त्यावर पाय ठेवून मात्र ती गप बसली.

गप म्हणजे बोलायचं नाही, हे वेगळं प्रकरण. पाच मिनिटं तोंड मिटून बसायचं म्हटल्यावर तिला आठवत नव्हतं ते सगळं आठवायचं. वॉर्डात मी बैलहोंगलकडच्या अज्जींना कन्नडमध्ये ‘कूड्री, माताडब्याड्री’ (बसा, बोलू नका) म्हणते तेव्हा त्या निदान ओठ मिटतात. आमच्या आईला कुठल्याच भाषेत जमेना. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम प्रयोग केला. ती शेजारणीच्या पाण्याच्या भांडणाचं सांगत असताना मोजला, 148. पाच मिनिटं गप्प बसवून मोजला, 134. तिला मशीनवरचे दोन्ही आकडे दाखवले. आकडे तिला चांगले कळतात, हजार विड्यांचा हिशेब तिनं कधी मुकादमाला चुकू दिला नाही. “म्हंजे चौदा त्या भांडणाचे व्हय,” ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठले तर ती परसात मिसरी लावत होती. ताबडतोब मोजायला बसणार होती, मशीन हातात. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच की. हिरडीतून निकोटिन चढतं, बीपी आणि नाडी दोन्ही वाढतात. मोजण्याआधी अर्धा तास चहा नको, तंबाखू नको, हे मी रोज पेशंटना सांगते; पण विचारते काय, तर ‘तंबाखू खाता का?’ आई याला ‘न्हाई’ म्हणते आणि ते तिच्या लेखी खरं असतं. मिसरी ती खात नाही, लावते. आता मी वॉर्डात बायकांना सरळ विचारते, दात कशानं घासता?

चौथ्या रात्री, मी निघायच्या आदल्या दिवशी, भांडी लावताना वहिनी हळूच म्हणाली, “वन्सं, एक सांगू का? दिवाळीत आत्तींच्या गोळ्या संपल्या हुत्या. पाच-सहा दिवस घेतल्याच न्हाईत. म्हणाल्या, सणात कशाला कुणाला मेडिकलात पळवायचं.”

मी हातातलं ताट तसंच धरून उभी राहिले. भाऊबीजेला मी आईला विचारलं होतं, “गोळी घेतेस ना गं?” ती म्हणाली होती, “घेती की.” असा प्रश्न विचारला की कोण नाही म्हणेल? ‘या आठवड्यात किती वेळा राहिली?’ असं विचारायचं असतं. म्हणजे राहणं साहजिक आहे असं समोरच्याला वाटतं आणि तो खरं सांगतो. हेही मला माहीत होतं.

तर त्या 168 मध्ये राहिलेल्या गोळ्या किती, तोकडा पट्टा किती, लोंबता हात, मिसरी, चकली आणि बडबड किती, हे आता कोणालाच वेगळं काढता यायचं नाही. कागदावर अक्षर मात्र माझं आहे.

मिठाचं तेवढं सांगून टाकते. ‘मीठ कमी करा’ याला आमच्या भागात सगळे ‘वरून घेत न्हाई’ असंच उत्तर देतात. म्हणून मी वहिनीला विचारलं, एक किलोची पिशवी किती दिवस जाते? तीन आठवडे, ती म्हणाली. घरात पाच माणसं. डोई दिवसाला 5 ग्रॅमच्या आत राहायचं तर ती पिशवी निदान 40 दिवस गेली पाहिजे. लोणच्यातलं, पापडातलं, खारातल्या मिरचीतलं वेगळंच. आता पिशवी फोडली की वहिनी तिच्यावर पेनानं तारीख टाकते. परवाची 31 दिवस गेली. भाऊ जेवताना कुरकुरतो.

सात दिवसांची सरासरी आली 132/78, जुन्याच 5 च्या गोळीवर. डॉक्टरांनी तीच चालू ठेवली, आणि उभ्यानंही मोजायला सांगितलं.

बेळगावला परतल्यावर मी माझ्या वॉर्डातले मागचे चार्ट काढून बसले. 130/80, 120/80, 130/80, 140/90. वॉर्डात आम्ही हातानं हवा भरून, काट्याच्या डायलवर मोजतो; त्यावर रेघा दोन-दोनच्या आहेत, म्हणजे 126 येईल, 134 येईल, 138 येईल. पाचातल्या चार पेशंटांचा आकडा शून्यावर कसा संपेल? हवा घाईत सोडली की काटा सर्रकन खाली येतो आणि आपण जवळचं शून्य गाठतो. आधी हवा भरताना मनगटाची नाडी धरून ती कितीवर थांबते ते बघायचं, त्याच्या 30 वर भरायचं, मग सेकंदाला दोन-तीन अशी हवा सोडत ऐकायचं. असं केलं तर एका पेशंटला सरळ तीन-चार मिनिटं जातात, आणि पाच मिनिटांची विश्रांती वेगळी. एका पाळीत मला बावीस पेशंट असतात. हे गणित जुळत नाही आणि ते जुळतं असं मी म्हणणार नाही. ज्यांच्या गोळ्या बदलायच्या आहेत त्यांचा तरी असा मोजते. मोठा पट्टा आता ट्रॉलीच्या हँडलला दोरीनं बांधून ठेवलाय, नाहीतर तो वेळेला सापडत नाही.

वहिनी रोज कॅलेंडरच्या चौकोनाचा फोटो पाठवते. कालच्या चौकोनात सकाळचा आकडा खोडलाय, 152/88, आणि त्याखाली तिच्या बारीक अक्षरात: ‘मिसरी लपवून लावली हुती. अर्ध्या तासानं परत घेतला, 130/76. आत्ती रुसल्यात.’