सूर्य कुठंय, मॅडम?

प्रिंट तपासून घ्यायच्या राहिल्या, एवढंच झालं होतं. बाकी सगळं त्या दिवशी नेहमीसारखं होतं.

मी चित्रकलेच्या रसग्रहणाचा प्राथमिक वर्ग घेते. संध्याकाळचा, दीड तासाचा. येणारी मंडळी चित्रकार नसतात आणि त्यांना व्हायचंही नसतं. या तुकडीत बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते, रुग्णालयातली ड्युटी आटोपून येणारी एक परिचारिका होती, कॉलेजातली चार-पाच मुलं होती, आणि मुलं मोठी झाल्यावर जरा मोकळ्या झालेल्या काही जणी. पहिल्या दिवशी सगळ्यांची तक्रार जवळजवळ एकच असते. प्रदर्शनात गेलं की चित्रासमोर किती वेळ उभं राहायचं तेच कळत नाही. मग शेजारची पाटी वाचायची, वर्ष वाचायचं, मान हलवायची आणि पुढं सरकायचं.

चौथा तास माझा लाडका. त्या तासाला मी क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचं ‘इम्प्रेशन, सनराइज’ घेते. चित्र छोटंसंच आहे, 48 बाय 63 सेंटीमीटर. फ्रान्समधल्या ल आव्र बंदरातली धुक्याची सकाळ, 1872 सालची. पाण्यात होड्या, मागं डोलकाठ्या, क्रेन आणि धुराडी, वर नारिंगी सूर्य. चित्रापेक्षा त्याची गोष्ट सांगायला मला जास्त मजा येते, हे आता कबूल करायला हरकत नाही. 1874 साली पॅरिसमध्ये नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत मोने आणि त्याच्या सोबतच्या चित्रकारांनी स्वतःच प्रदर्शन भरवलं. लुई लरुआ नावाच्या समीक्षकानं एका विनोदी वृत्तपत्रात त्याची यथेच्छ टर उडवली. भिंतीला लावायचा कागद अर्धाकच्चा असतानासुद्धा या समुद्रापेक्षा पुरा वाटेल, अशा अर्थाचं तो लिहून गेला. ‘इम्प्रेशन’ या शब्दाचीही त्यानं खिल्ली उडवली, आणि पुढं ‘इम्प्रेशनिस्ट’ हेच नाव या सगळ्या मंडळींना चिकटलं. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की हशा कुठं येणार ते मला वाक्याआधी कळतं.

एरवी मी चित्र पडद्यावर दाखवते. त्या दिवशी पडद्याची खोली दुसऱ्या वर्गाला दिलेली होती, म्हणून ऑफिसात सांगून प्रत्येकाला एकेक प्रिंट काढून घेतली. गठ्ठा हातात आला तो थेट वर्गात नेला आणि पानं उलटीच वाटली. म्हटलं, आधी गोष्ट, मग चित्र. गोष्ट रंगली. हशा आला. मग मी म्हटलं, “आता पान उलटा. बघा, नजर आपोआप त्या नारिंगी सूर्याकडे जाते. सगळं चित्र निळं-करडं आणि त्यात तेवढा एक ठिणगीसारखा ठिपका.”

माना हलल्या. वह्या उघडल्या. पहिल्या बाकावरचा कॉलेजातला मुलगा भराभर लिहायला लागला. मी पुढं बोलतच होते, पूरक रंगांबद्दल, निळ्याशेजारी नारिंगी कसा पेटतो त्याबद्दल.

“सूर्य कुठंय, मॅडम?”

बँकेतले काका. त्यांच्या आवाजात खोच नव्हती. चश्मा कपाळावर चढवून, कागद नाकाजवळ नेऊन ते खरोखरच शोधत होते. मला आधी वाटलं चश्म्याची भानगड असेल. जवळ जाऊन बघते तर कागद करडा. प्रिंटरमधली रंगीत शाई संपली होती आणि ऑफिसातल्या माणसानं मुकाट्यानं काळ्या शाईवर काम भागवलं होतं. पण मला धक्का त्याचा नाही बसला. त्या करड्या कागदावर खरंच सूर्य नव्हता. मला जागा पाठ होती म्हणून बोट बरोबर तिथं गेलं, आणि बोटाखाली नुसतं ढगाळ आकाश. फार निरखून पाहिलं तर कुंचल्याचा एक गोलसर वळसा, तोही मला माहीत होतं म्हणून.

मी शेजारच्या बाकावर पाहिलं. तिथंही करडा कागद. त्याच्या शेजारी, मागं, सगळीकडे. आणि पहिल्या बाकावरच्या मुलाच्या वहीत, त्या करड्या कागदाला खेटून, नुकतंच लिहिलेलं वाक्य होतं: ‘नारिंगी सूर्य – केंद्रबिंदू. नजर आपोआप जाते.’

त्यानं ते लबाडीनं लिहिलं नव्हतं. मी सांगितलं, त्यानं लिहून घेतलं. माना हलवणाऱ्यांनीही तेच केलं. समोरच्या कागदावर जे नाहीच त्याला वीसेक माणसांनी मनापासून होकार दिला होता. आणि मी? मी वर्गभर फिरत, हातवारे करत त्याच कागदांवरून बोलत होते. मलाही दिसलं नव्हतं की रंग नाहीत. मी चित्राकडे बघतच नव्हते, पाठांतराकडे बघत होते.

खरं तर माफी मागून “पुढच्या आठवड्यात रंगीत देते” म्हणून मोकळं होता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण काका अजून कागद तिरका करून बघतच होते. मग मी म्हटलं, “ठीक आहे. मी आतापर्यंत जे बोलले ते विसरा. या कागदावर काय दिसतंय तेवढंच सांगा.”

बराच वेळ कुणी बोललं नाही. वर्गात शांतता पसरली की माझी जीभ वळवळते. त्या दिवशी दात ओठावर ठेवून बसले.

“होडी,” परिचारिका म्हणाली. “सगळ्यात काळी तीच आहे. त्यात दोन माणसं आहेत, एक उभा आहे.”

“मागं अजून एक आहे. फिकट.”

“दोन आहेत. तिसरी जवळजवळ पुसलीच आहे.”

“तिन्ही एका तिरप्या रेघेत आहेत,” मागून एक बाई म्हणाल्या. “एकच होडी हळूहळू विरघळत गेल्यासारखी.”

मी इतकी वर्षं हे चित्र शिकवते, आणि त्या होड्यांना माझ्या भाषणात एक अर्धं वाक्य होतं. करड्या कागदावर त्याच चित्राचा कणा होत्या. पहिली काळी, दुसरी करडी, तिसरी धूसर. धुकं किती दाट आहे आणि बंदर किती खोल आहे, हे त्या तीन छटाच सांगत होत्या. आम्ही ज्याला छायाभेद म्हणतो, उजळ आणि गडद यांच्यातल्या पायऱ्या, तो शिकवायला मी फळ्यावर चौकोनांची पट्टी काढते आणि मुलं जांभया देतात. इथं तो आयताच कागदावर उतरला होता.

मग प्रश्न आलाच. होडी दिसते, धुराडी दिसतात, पाण्यावरचे फटकारेही दिसतात, तर सूर्यच का नाहीसा झाला? काळी शाई कमी पडली का?

माझ्या पिशवीत चित्रांचं एक जाडजूड पुस्तक होतं. ते मधल्या टेबलावर उघडून ठेवलं आणि सगळ्यांना भोवती बोलावलं. छापील रंगांवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नसतो, एकच चित्र दोन पुस्तकांत दोन तऱ्हेचं निघतं. पण त्या घडीला हाताशी तेच होतं. नारिंगी सूर्य दिसल्यावर वर्गातून “अरे!” असा जो आवाज निघाला, तसा माझ्या गोष्टीला कधी निघाला नव्हता. उशिरा भेटलेल्या माणसाचं व्हावं तसं त्याचं स्वागत झालं.

कॉलेजातल्या एका मुलीनं पंचिंग मशीन आणलं. कोऱ्या कागदाला शेजारी-शेजारी दोन भोकं पाडली आणि तो कागद चित्रावर असा ठेवला की एका भोकातून सूर्य दिसावा आणि दुसऱ्यातून लगतचं आकाश. बाकी सगळं झाकलेलं. “आता डोळे बारीक करा,” मी सांगितलं. चित्रकार हे सतत करतात; पापण्या अर्ध्या मिटल्या की बारकावे आणि रंग मागं हटतात, उजळ-गडद तेवढं उरतं. एकेक जण वाकून बघत गेला. एक भोक नारिंगी, एक निळसर करडं. पापण्या मिटत आणल्या की दोन्हींतला फरक विरत जायचा. कुठला उजळ, ठरवता येईना. काका तीनदा रांगेत उभे राहिले.

हार्वर्डमधल्या मेंदुशास्त्रज्ञ मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी नेमकं हेच मांडलंय. मोनेच्या या सूर्याची उजळता भोवतालच्या ढगांइतकीच आहे. दोन्हींत फरक आहे तो फक्त रंगाचा. आपल्या मेंदूत दृष्टीची कामं वाटलेली असतात. एक व्यवस्था वस्तू कुठं आहे, किती लांब आहे, हलते का, हे पाहते, आणि तिला रंग जवळजवळ कळत नाहीत; ती उजळ-गडदावर चालते. दुसरी व्यवस्था वस्तू काय आहे ते ओळखते, तिला रंग कळतात. आता हा सूर्य दुसरीला लख्ख दिसतो आणि पहिलीला दिसतच नाही. म्हणजे तो आहे हे कळतं, पण नक्की कुठं टेकलाय हे मेंदूला पक्कं ठरवता येत नाही. म्हणून तो किंचित थरथरल्यासारखा वाटतो.

“म्हणजे आमच्या डोक्यात एक जण आहे, ज्याला ही करडी प्रिंटच दिसते,” परिचारिका म्हणाली. मी गेली कित्येक वर्षं चित्रं समजावतेय, पण इतकं नेटकं वाक्य मला कधी सुचलेलं नाही. ते मी उचललंय, आणि तिला तसं सांगूनच.

पहिल्या बाकावरचा मुलगा मात्र गप्प होता. मला वाटलं, वहीतल्या त्या वाक्यामुळे खजील झाला असेल. तो फोनमध्ये काहीतरी करत होता. थोड्या वेळानं त्यानं फोन पुढं केला. पुस्तकातल्या चित्राचा फोटो काढून त्यानं त्यातला सूर्य उजळ केला होता, आकाशापेक्षा पुष्कळ उजळ. खरा सूर्य असतोच तसा, धुक्यातसुद्धा आकाशापेक्षा कैक पटींनी तेजस्वी. त्यामुळे तर्कानं हे चित्र जास्त खरं दिसायला हवं होतं. दिसत होतं ते भलतंच. सूर्य मेला होता. कुणीतरी वरून टिकली लावल्यासारखा एका जागी चिकटून बसला होता.

“उजळ केला तर विझला,” तो म्हणाला. एवढंच.

त्यावर काकांनी विचारलं, मोनेला हे माहीत होतं का? मी जे खरं वाटतं ते सांगितलं. मेंदूचं हे कामकाज कुणालाच ठाऊक नव्हतं तेव्हा. पण तो माणूस आयुष्यभर उजेडाकडे बघत बसला होता. पुढं गवताच्या गंज्या काय, रुआंच्या कॅथेड्रलचा दर्शनी भाग काय, एकच गोष्ट वेगवेगळ्या वेळी पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. नारिंगी एवढाच हवा, याहून फिका नको, हे त्याच्या हाताला कळलं असणार. काकांचं समाधान झालं नाही. “हाताला कळलं म्हणजे काय?” असं ते पुटपुटत राहिले. बँकेत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला असलं मोघम उत्तर चालत नाही आणि चालू नये.

तास संपायला वीस मिनिटं होती. मी पुस्तकात मागं जाऊन कॅरावॅज्जोचं ‘कॉलिंग ऑफ सेंट मॅथ्यू’ उघडलं. 1600 च्या सुमाराचं, रोममधल्या चर्चमधलं. अंधारी खोली, उजवीकडून तिरपा येणारा उजेड, टेबलाशी पैसे मोजत बसलेली माणसं. मुलानं लगेच फोनवर त्याचे रंग काढून टाकले. काहीच ढळलं नाही. तोच उजेड, तेच चेहरे, तोच पुढं आलेला हात. सगळी इमारत उजळ-गडदावर उभी, रंग नंतर राहायला आलेले. इथं मी समजावण्याचं काम फारसं नव्हतंच. त्यांनी एकामागून एक चित्र उघडायचं, रंग काढायचे आणि ओरडायचं, “हे टिकलं!”, “हे गेलं!” खेळ झाला होता त्याचा. आवाज इतका वाढला की शेजारच्या वर्गातून कुणीतरी डोकावून गेलं.

“आणि एखाद्यानं आधीच रंग काढून टाकले असतील तर?” काकांनी विचारलं. त्यांना माहीत नव्हतं की दोनच आठवड्यांनी पिकासोचं ‘ग्वेर्निका’ होतं, जवळजवळ पावणेआठ मीटर लांब आणि सगळंच्या सगळं काळं-पांढरं-करडं. मी काही बोलले नाही. एखादी गोष्ट न सांगता ठेवणं मला त्याच दिवशी पहिल्यांदा जमत होतं.

घरी गेल्यावर प्रिंटरचा दोष तर नाही ना, म्हणून हे चित्र ज्या संग्रहालयात आहे त्यानं दिलेली त्याची प्रत घेऊन मीही रंग काढून पाहिले. अगदी पूर्ण नाही, पण जवळपास गेलाच सूर्य. माझ्या जुन्या टिपणांत त्या चित्राखाली दोन ठिकाणी ‘तेजस्वी’ असा शब्द सापडला. खोडला.

पण ते नंतर. वर्ग सुटला तेव्हा मंडळी गलका करत बाहेर पडली. एक बाई तेवढ्या मागं राहिल्या, ज्यांना होड्यांची तिरपी रेघ दिसली होती त्याच. पुस्तकावर वाकून बघत होत्या.

“मला काही तो थरथरताना दिसत नाही हं,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांना दिसतोय म्हणून मीही हो म्हणणार होते.”

“नका म्हणू,” मी म्हटलं.

त्या हसल्या, पण नजर काढली नाही. मी पिशवी भरली, खुर्च्या सरळ केल्या, खिडक्या लावल्या. दिव्याच्या बटनाशी जाऊन उभी राहिले.

“बंद करू?”

“थांबा ना जरा,” त्या म्हणाल्या.