नाव ठेवायला गेले अन् लोकांनी नावं ठेवली

माझं दुकान म्हणजे मागच्या खोलीतलं एक टेबल, एक कटिंग मॅट, दोन कात्र्या आणि मोबाईल. ग्रीटिंग कार्ड, बारशाची आमंत्रणं, क्विलिंगच्या म्हणजे कागदाच्या पट्ट्या गुंडाळून केलेल्या फ्रेम, तान्ह्या पोळ्याला म्हणजे पोरांच्या पोळ्याला कागदाचे नंदी, असं सगळं करते आणि ऑनलाइन विकते. गाव दारव्हा तालुक्यात आहे, कुरिअरवाला आठवड्यातून दोनदा येतो, पाऊस जास्त असला तर तेही नाही. सुरुवातीला मी दुकानाचं नाव ठेवलं होतं क्रीज अँड क्विल. मला वाटलं काय भारी नाव आहे, क्रीज म्हणजे घडी, क्विल म्हणजे क्विलिंग, दोन्ही क पासून, ऐकायला कसं फॉरेनचं. लगेच यवतमाळला जाऊन ५०० स्टिकर छापून आणले, गोल, सोनेरी कडा वाले. ही घाई आता कोणी सांगितली तर मीच त्याला ओरडेन.

कुरिअरच्या पोरानं पहिल्यांदा फोन केला, "ताई, किरीज क्वीनचं पार्सल तुमचंच ना?" मी हो म्हटलं, काय करणार. मग बचत गटाच्या हळदीकुंकवाला एकीनं विचारलं, "काय वं, काय नाव ठेवलं म्हंतं तुह्या दुकानाचं?" मी सांगितलं. ती म्हणाली बरं बरं. आणि तिकडे वळून दुसरीला सांगितलं, "ते इंग्रजीतलं कायतरी हाय, तिलेच इचार." बस, तिथेच मला कळलं. नाव एवढ्यासाठीच असतं ना की मी नसताना कोणीतरी कोणाला तरी सांगावं, आणि माझं नाव तर माझ्याशिवाय कोणालाच सांगता येत नव्हतं. ज्यांना बोलता येत होतं त्यांना टाइप करता येत नव्हतं, क्विल क्यू पासून सुरू होते हे कोणाच्या ध्यानात येणार, सगळे के नं शोधायचे. पुण्याच्या एका बाईला मैत्रिणीनं माझं सांगितलं होतं, ती दोन दिवस शोधत बसली आणि शेवटी मैत्रिणीकडूनच माझा नंबर घेऊन फोन केला, आणि ती काही अडाणी नव्हती हो, बँकेत होती.

मग घरात नाव ठेवायचा कार्यक्रम सुरू झाला. सासऱ्यांनी एका सेकंदात सांगितलं, श्री गजानन पेपर आर्ट. महाराजांवर माझीही श्रद्धा आहे, पण आमच्याकडे गजानन किराणा, गजानन कृषी केंद्र, गजानन मोबाईल, गजानन झेरॉक्स, एका बाजारात चार गजानन असतात, ऑनलाइन तर मोजायलाच नको. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या की यवतमाळ पेपर क्राफ्ट अँड ग्रीटिंग कार्ड शॉप ठेव, म्हणजे काय विकते ते लगेच कळते. लॉजिक बरोबर आहे पण इन्स्टाग्रामचं हँडल ३० अक्षरांत बसावं लागते, स्पेस चालत नाही, आणि एवढं मोठं नाव मीच विसरले असते. शिवाय नुसतं आपण काय विकतो तेच सांगणारं नाव, म्हणजे कागद, कार्ड, क्राफ्ट असले शब्द, ट्रेडमार्क म्हणून सहजासहजी मिळत नाही, १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यातच तसं आहे. आज मी छोटी आहे, पण उद्या कोणी माझंच नाव लावून बसला तर.

जाऊबाईंना मी कॅम्लिनचं उदाहरण दिलं, कारण कंपास पेटी सगळ्यांनीच वापरलेली. दांडेकरांनी १९३१ मध्ये शाईची पावडर विकायला सुरुवात केली तेव्हा त्यावर हॉर्स ब्रँड होतं, मग कॅमल आलं, आणि कॅमल इंकचं झालं कॅम्लिन. घोडा, उंट. शाईशी काही संबंध आहे का? नाही. पण पोराला दुकानात पाठवलं तर तो उंटाची शाई द्या म्हणून आणू शकतो. कालनिर्णय बघा, १९७३ पासून आहे आणि आता लोक कॅलेंडर म्हणतच नाहीत, कालनिर्णय द्या म्हणतात. आणि आपल्याकडची शकुंतला. मूर्तिजापूर ते यवतमाळ नॅरोगेज, कागदोपत्री तिचं नाव काहीही असो, लोकांनी शकुंतला म्हटलं ते म्हटलं, गाडी बंद पडली तरी नाव चालूच आहे. जाऊबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "मंग तू उंट ठेव."

तर मी अकरा नावं लिहून काढली. सगळी मराठी, सगळी कागदाशी संबंधित. पताका, कपटा, चिटोरं, कात्रण, घडी, बोरू, भिंगरी वगैरे. माझं फेवरेट कात्रण होतं, अगदी मनात लोगोही झाला होता, कात्रीच्या तोंडात क.

यातली गंमत मला आधी माहीत नव्हती ती अशी की आपण नाव मराठीत ठेवतो पण लोक टाइप करतात इंग्रजी अक्षरांत, आणि तिथे त आणि ट एकच, द आणि ड एकच, ळ आणि ल एकच, न आणि ण पण एकच. देवनागरीत वेबसाइटचा पत्ता घेता येतो, .भारत २०१४ पासून आहे, पण मी दहा जणांना विचारलं की तुम्ही कधी तसा पत्ता टाइप केला का, दहाही जण माझ्याकडे बघत राहिले.

म्हणून मी टेस्ट घेतली. सहा जण निवडले. दीर वावरात होते, तिथे रेंज येते-जाते, ते मुद्दाम. नणंद नागपूरला, पुतण्या होस्टेलवर, माहेरची एक मैत्रीण, पुण्याच्या त्या बँकवाल्या ताई आणि कुरिअरचा तोच पोरगा. फोनवर नाव फक्त एकदा सांगायचं, स्पेलिंग सांगायचं नाही, फोन ठेवायचा आणि त्यांनी व्हॉट्सॲपवर इंग्रजी अक्षरांत लिहून पाठवायचं. एवढंच.

पताका आधी गेलं. मला किती आवडलं होतं, गणपतीच्या, पंधरा ऑगस्टच्या तिरंगी पताका आम्ही शाळेत खळ लावून सुतळीवर चिकटवायचो. पण पी ए टी ए के ए लिहिलं की पुतण्यानं ते पटाका वाचलं, आणि सर्चमध्ये टाकलं तर सगळे फटाके आणि लाल ड्रेसमधल्या पोरी. कपटा म्हणजे कागदाचा छोटा तुकडा, किती नेमका शब्द, पण नणंदेनं परत पाठवलं ते कपट वाचता येत होतं. पहिल्यांदा पैसे पाठवणाऱ्या माणसाला कपट नावाचा क्यूआर कोड दाखवायचा का मग? चिटोरं तर माझ्या मते सगळ्यात गोड शब्द, मोबाईलनं आपोआप त्याचं चटोरा करून टाकलं, मग पाणीपुरीचे व्हिडिओ. घडीला सगळे साबणावर गेले, शिवाय हिंदीवाल्यांना घड्याळ वाटते. बोरू सगळ्यांनी बरोबर लिहिलं पण त्या बँकवाल्या ताईंनी विचारलं की हे बोअर वरून आहे का. आणि माझं कात्रण, ते चार जणांनी चार प्रकारे लिहिलं, एक ए, दोन ए, एकानं शेवटी एच लावला, तो का लावला ते त्यालाच माहीत. मला खरंच वाईट वाटलं, त्या दिवशी मी एकही कार्ड कापलं नाही.

भिंगरी यादीत नववी होती आणि मी ती नुसती आकडा भरायला टाकली होती. पोरकट वाटायची. पण सहापैकी पाच जणांनी अगदी सेम स्पेलिंग पाठवलं, आणि दिरांचं तर त्या खराब रेंजमधूनही आलं, फक्त एच सुटला. वर त्यांनी खाली लिहिलं होतं, धांड्यावरची ना? हो, तीच. आम्ही लहानपणी वहीचा कागद चौकोनी कापायचो, चारही कोपऱ्यांतून मधाच्या दिशेनं चीर द्यायची, एक एक टोक सोडून एक एक मधात आणायचं, बाभळीचा काटा टोचायचा आणि ज्वारीच्या धांड्यात खुपसून धुऱ्यावरून पळत सुटायचं. काटा फार घट्ट बसला तर फिरत नाही, सैल बसला तर उडून जाते. आता मी तेच ३०० जीएसएमच्या, म्हणजे जाड कार्डवर करते, वाळलेल्या रिफिलनं आधी दाबून रेघ मारते म्हणजे घडी फुटत नाही, आणि काट्याच्या जागी पितळी ब्रॅड, म्हणजे मागे दोन पाय दुमडायची पिन लावते. म्हणजे मी हेच तर करत होते इतकी वर्षं, नाव मात्र क्रीज अँड क्विल.

नुसतं भिंगरी हँडल अर्थातच आधीच कोणीतरी घेऊन ठेवलेलं होतं, म्हणून मागे कागद जोडला. वेबसाइटसाठी जी नंतर ए असलेलं आणि नसलेलं, दोन्ही स्पेलिंगचे पत्ते घेतले, नवरा म्हणाला की एकाच पोरीचं दोनदा बारसं कशाला, पण दुसरा पत्ता पहिल्याकडेच वळवला आहे त्यामुळे कोणी कसंही लिहिलं तरी माझ्याच दारात येते. ट्रेडमार्कच्या साइटवर फुकट शोधता येते, कागद, कार्ड, स्टेशनरी हे सोळाव्या वर्गात येते, तिथे पाहून घेतलं. अर्ज अजून केला नाही. एकट्या माणसाला ऑनलाइन एका वर्गाचे ४५०० रुपये लागतात, म्हणजे माझे कितीतरी नंदी झाले, पण मिळालं की १० वर्षं चालते, म्हणून कापूस निघाल्यावर बघू असं ठरलंय.

नणंदेचं म्हणणं आहे की बारशाला नाव आत्या ठेवते, टेस्टमध्ये स्पेलिंग तिनंच सगळ्यात आधी बरोबर पाठवलं, तर नाव तिनंच ठेवलं असं धरायचं आणि तिला साडी पाहिजे. साडीचं मी पोळ्यानंतर बघते म्हटलं आहे.

सोनेरी कडावाले ३८० स्टिकर अजून उरलेत. फेकवत नाहीत, पैसे गेलेत त्याचे. मग डब्याचं झाकण बंद करायला आधी तेच लावते आणि त्याच्यावर भिंगरीचं मोठं स्टिकर, बरोबर झाकले जातात. परवा नाशिकहून एका गिऱ्हाइकाचा मेसेज आला, ताई तुमच्या स्टिकरखाली अजून एक स्टिकर निघालं, त्यावर क्रीज काहीतरी लिहिलंय, हे कोणाचं आहे?