जुळ्यांची वेळ

ठाण्याच्या नौपाड्यात माझ्याकडे पत्रिका दाखवायला येणारे निम्मे जातक लग्नाचे, बाकीचे नोकरीचे. त्या दिवशी एक बाई दोन्ही मुलांना घेऊन आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "गुरुजी, जुळे आहेत. एकाचं लग्न होऊन चार वर्षं झाली, दुसऱ्याचं जमतच नाही. पत्रिका तर एकच!" मी मनातून खूश. के.पी.वाल्याला, म्हणजे कृष्णमूर्ती पद्धतीच्या ज्योतिषाला, जुळ्यांची केस म्हणजे पर्वणी.

ज्योतिषी के. एस. कृष्णमूर्तींची पद्धत याच अडचणीला भिडते. १९०८ साली तिरुवैयारूला जन्मलेले हे गृहस्थ मद्रासला गिंडीच्या किंग इन्स्टिट्यूटमध्ये नोकरीला होते, जिथे लसी बनत. जुळ्यांची रास एक, नक्षत्र एक, लग्नबिंदूही (जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणारा राशिचक्राचा बिंदू) जवळपास तोच, मग आयुष्यं वेगळी कशी? यावर त्यांनी प्रत्येक नक्षत्राचे विंशोत्तरी दशेत प्रत्येक ग्रहाला दिलेल्या वर्षांप्रमाणे नऊ लहानमोठे तुकडे पाडले. शुक्राची वर्षं २०, म्हणून त्याचा तुकडा २ अंश १३ कला २० विकला (६० विकलांची कला, ६० कलांचा अंश). रवीची ६, म्हणून फक्त ४० कला. आम्ही याला 'सब' म्हणतो. २७ नक्षत्रांचे होतात २४३, त्यातले सहा राशीच्या हद्दीवर चिरले जातात, म्हणून एकूण २४९. लग्नबिंदू साधारण चार मिनिटांत एक अंश पुढे जातो. म्हणजे रवीचा सब पावणेतीन मिनिटांत संपतो, आणि दोन बाळांमध्ये सहसा तेवढं अंतर असतं.

बाईंनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून रुग्णालयाचा कागद काढला. घडीवर फाटलेला, शाई उडालेली. ट्विन वन, सकाळी ५.४०. ट्विन टू, सकाळी ५.४०.

"दोघांची एकच वेळ?"

"सिस्टर म्हणाली होती, दोन-तीन मिनिटांचं अंतर होतं. लिहिताना त्यांनी एकच लिहिली."

असे कागद मी भरपूर पाहिले आहेत. जन्मवेळा शेवटी शून्य नाहीतर पाच घेऊनच येतात. भिंतीवरचं घड्याळ किती पुढे होतं ते कोण सांगणार? आणि आम्ही मात्र विकला मोजत बसतो.

५.३६ ते ५.४४ अशा पत्रिका मांडून पाहिल्या. सप्तम भाव, म्हणजे विवाहाचं घर, जिथे सुरू होतो त्या बिंदूचा सब आधी शुक्राचा, मग रवीचा, मग चंद्राचा. शुक्र २, ७, ११ या घरांचा कार्येश (त्यांचं फळ देणारा), म्हणजे विवाहाला हवा तसा. रवी ६ आणि १०चा, म्हणजे विरोधी. आमच्या धंद्यात पुढची पायरी ठरलेली आहे: ज्याचं लग्न झालं त्याला शुक्राची वेळ द्यायची, दुसऱ्याला रवीची. याला वेळ शुद्ध करणं म्हणतात.

मी हे समजावत असताना धाकटा, म्हणजे अविवाहित, मोबाइल खाली ठेवून म्हणाला, "काका, म्हणजे लग्न झालंय की नाही यावरून तुम्ही वेळ ठरवणार, आणि त्या वेळेवरून सांगणार की माझं लग्न का होत नाही?"

थोरला हसला. मला हसू आलं नाही, पण उत्तरही नव्हतं.

कृष्णमूर्तींकडे यावर तोड आहे: जन्मवेळ बाजूला ठेवायची आणि जातकाकडून १ ते २४९मधला आकडा घेऊन त्या क्रमांकाच्या सबवरून प्रश्नकुंडली मांडायची. बहुतेक लोक १०८ सांगतात, त्यात नवल नाही. धाकट्या पठ्ठ्याने १०८च सांगितला. लगेच आई म्हणाल्या, "माझा २१ घ्या, प्रश्न माझाच आहे." आता प्रश्न कुणाचा, यावरच मायलेकांची जुंपली. मी एकही मांडली नाही.

मग बाईंनी जुनं गुणमेलन काढलं. सुनेचे आणि थोरल्याचे २८ गुण. ते चंद्राच्या नक्षत्रावरून निघतात, पाच मिनिटांनी काही बिघडत नाही. मी म्हणालो, "ताई, या हिशेबाने सुनेचे धाकट्याशीही २८च जुळतात." बाईंना ते अजिबात रुचलं नाही. हसता हसता थोरल्याला ठसका लागला.

शेवटी त्यांना एवढंच सांगितलं की या कागदावरून मी दोघांना वेगळं करू शकत नाही, आणि जो करून देईल त्याला आधी विचारा की कुणाचं लग्न झालंय हे न सांगता करशील का. त्यांना ते पटलं नसावं. "स्थळवाले पत्रिका मागतात हो," म्हणून त्यांनी ५.४०ची छापून मागितली. एक छापली.

"दोन द्या," त्या म्हणाल्या, "नावं वेगळी आहेत."

दोन दिल्या. पैसे एकीचेच घेतले.