लॅटिमर रोडवरून परतताना

शनिवार, १४ जून २०२५, हॅरो

पाय भरून आलेत, पण आज लिहिलं नाही तर राहूनच जाईल.

ग्रेनफेल टॉवर ही लंडनमधली रहिवासी इमारत २०१७ मध्ये जळाली; तिच्यात गेलेल्यांच्या आठवणीतल्या मूक मोर्चाला आज पहिल्यांदा गेले. आग लागली तेव्हाही मी याच शहरात होते, तरी इतकी वर्षं गेले नव्हते. बेकर स्ट्रीटला गाडी बदलून लॅटिमर रोडला उतरले, तर जिकडेतिकडे हिरवे स्कार्फ, हिरव्या फिती. आच्छादनात गुंडाळलेला तो २४ मजली टॉवर, वर हिरवं हृदय. तो उतरवायचा निर्णय यंदा फेब्रुवारीत झालाय. मोर्चात घोषणा नाहीत, भाषण नाही, नुसता पावलांचा आवाज. वाटेत अग्निशमन दलाचे जवान हेल्मेट काढून उभे होते. पुढच्या एका बाईंनी त्यातल्या एकाला मिठी मारली, आणि मला रडू आवरेना.

७२ माणसं गेली. चौथ्या मजल्यावरच्या एका फ्रिजची आग, आणि बाहेरून ठोकलेल्या पत्र्यांत प्लास्टिक भरलेलं. टॉवर ज्या भागात आहे तो केन्सिंग्टन हा देशातल्या सगळ्यात श्रीमंत भागांपैकी एक. धोका आहे असं रहिवासी आधीपासून लिहीत होते, त्यांचं कुणी मनावर घेतलं नाही. आग लागल्यावर तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे पहिल्यांदा तिथे गेल्या, तर जवानांना भेटून परतल्या, रहिवाशांना भेटल्याच नाहीत. सगळे मृत्यू टाळता आले असते, हे चौकशीचा अंतिम अहवाल सप्टेंबर २०२४ मध्ये सांगतो. या मृत्यूंसाठी अजून एकावरही खटला उभा राहिलेला नाही. माझा संताप होतो तो इथे.

शेजारच्या आजी मत देत नाहीत. २०२१ च्या वसंतात, कोविडच्या निर्बंधांत, त्यांचे यजमान गेले. अंत्यविधीला मोजकीच माणसं, लेकीला जवळ घेता आलं नाही. पुढे त्याच काळातल्या सत्ताधाऱ्यांच्या पार्ट्या उघड झाल्या. "सगळे सारखेच," एवढंच म्हणतात. त्यांना चूक कसं म्हणू?

पण २००१ मध्ये, बऱ्या दिवसांत, संसदेच्या निवडणुकीत ५९ टक्के मतदान झालं होतं. गेल्या जुलैत, एवढ्या वैतागात, जेमतेम ६०. तेव्हा लोक सुखात होते म्हणून घरी बसले, आता विटलेत म्हणून. सत्तेवरच्यांना दोन्ही सारखंच सोयीचं.

आणि मी? माझा पासपोर्ट भारताचा, तरी राष्ट्रकुलातली म्हणून मला इथे मताचा हक्क आहे. ८ जून २०१७ ला, संसदेच्या निवडणुकीत, मत द्यायला गेले नाही. इथल्या राजकारणाशी आपला काय संबंध, असं वाटलं होतं. त्या निवडणुकीत केन्सिंग्टनची जागा अवघ्या २० मतांनी दुसऱ्या पक्षाकडे गेली आणि सहाव्या दिवशी टॉवर पेटला. माझा मतदारसंघ तो नव्हता. तरी ते २० मला सुटत नाहीत.

पुढच्या मेमध्ये कौन्सिलच्या निवडणुका. उद्या आजींकडे चहाला जाईन तेव्हा विषय काढते. मत देताना ओळखपत्र म्हणून त्यांचा बसपास चालतो, हे मी मघाशीच पाहून ठेवलंय.