गोड भजी मऊ पडतात ती फळातल्या पाण्यानं

पिकल्या केळ्यात साधारण 75 टक्के पाणी असतं, सफरचंदात आणि अननसात 85 टक्क्यांच्या आसपास. भजं तेलात पडलं की आवरणातलं पाणी वाफ होऊन उडतं आणि तिथं बारीक भोकांचा कडक पापुद्रा धरतो. तेलाबाहेर काढलं की उलटा प्रवास सुरू होतो. आतलं गरम फळ वाफ सोडत राहतं आणि पापुद्रा ती शोषून घेतो. कांदाभजीत कांद्याचं पाणी पिठातच मुरतं, इथं ते मधोमध कोंडलेलं असतं. फळाची भजी करायची म्हणजे हे पाणी सांभाळायचं. पीठ, फळ, तेल या सगळ्याचे निर्णय त्यावरूनच ठरतात.

आधी पीठ. सवयीनं हात बेसनाच्या डब्याकडं जातो, तो आवरावा. बेसनाचा वास फळावर बसतो आणि गोडात तो खटकतो. नुसता मैदा घेतला तर चिवटपणा येतो, गार झाल्यावर भजं शिळ्या पुरीसारखं ओढावं लागतं. आपल्याकडं यावरचा उपाय घरातच असतो: ज्वारीचं पीठ. ज्वारीत ग्लूटेन नसतं, त्यामुळं पीठ ताणत नाही आणि आवरण खुसखुशीत तुटतं. तांदळाच्या पिठानंही हे साधतं, पण ज्वारीला स्वतःची एक भाजकी चव आहे आणि केळ्याशी ती फार छान जुळते. रब्बीची पांढरी टाळकी ज्वारी घ्यावी. पीठ आठवडाभरात दळलेलं असावं, कारण जुनं झालं की कडवटपणा येतो. भाकरीत तो लपतो, गोडात लपत नाही. भाकरीचंच पीठ मैद्याच्या चाळणीनं पुन्हा एकदा चाळून घेतलं की झालं.

चार माणसांसाठी मैदा 80 ग्रॅम, ज्वारीचं पीठ 40 ग्रॅम, कॉर्नफ्लोअर 20 ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, पिठीसाखर एक छोटा चमचा, मीठ दोन चिमटी आणि किसलेलं जायफळ. वेलचीही चालते, पण तळणीत तिचा वास बराचसा उडून जातो, जायफळ टिकतं. भिजवायला फ्रीजमधला साधा थंडगार सोडा, म्हणजे बाटलीतलं सोडा-वॉटर, 160 मिलिलिटर. त्यातला 150 आधी ओतायचा, उरलेला लागेल तसा. ज्वारी किती पाणी पिते ते दळणावर ठरतं, म्हणून थोडा हातात राखायचा.

खाण्याचा सोडा नको. आंबट काही नसताना तो पिठात घातला की साबणासारखी चव उरते आणि रंग भसकन लाल होतो. मोहनही नको. कडकडीत तेलाचं मोहन बेसनाच्या भज्यांना शोभतं, इथं पीठ थंड राहणं महत्त्वाचं आहे. थंड पिठात मैद्याचा चिवटपणा हळू धरतो, आणि सोड्याचे बुडबुडे टिकले तर आवरण हलकं होतं. मे महिन्यात स्वयंपाकघर भट्टी झालेलं असताना पिठाचं भांडं बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवावं. साखर वाढवायचा मोह होतो, पण एक चमच्याच्या वर गेलात तर बाहेरून तपकिरी आणि आतून कच्चं हे ठरलेलंच.

पीठ कालवताना घोटायचं नाही. काट्या-चमच्यानं दहा-बारा वेळा फिरवायचं, गुठळ्या दिसल्या तरी सोडून द्यायचं. पळीच्या पाठीवर पातळ थर बसावा आणि त्यावर बोटानं ओढलेली रेघ दोन-तीन सेकंद टिकावी. रेघ लगेच मिटली तर पातळ झालंय, चमचाभर मैदा टाका. तेल तापलं की मगच पीठ भिजवायचं. अर्धा तास आधी भिजवून ठेवलेल्या पिठातला सोडा मेलेला असतो.

आता फळं. सगळ्यात आधी केळी, कारण नांदेडकडच्या अर्धापूरच्या केळीपट्ट्यातला माल आपल्या बाजारात सहज मिळतो. साल पिवळी, देठ आणि टोकं मात्र अजून हिरवट, असं केळं घ्यावं. सालीवर तपकिरी ठिपके आले की साखर वाढलेली असते आणि गर सैल झालेला असतो. असं केळं तेलात वितळतं आणि कडेनं बाहेर येऊन करपतं. दीड सेंटिमीटर जाडीचे तिरके काप करा. पातळ केले तर आवरणच खाल्ल्यासारखं लागतं, जाड केले तर मधला भाग गारच राहतो. चार मध्यम केळी या पिठाला पुरतात. आधी कापून ठेवू नका, काळी पडतात. लिंबू लावलंत तर ओली होतात आणि मग पीठ घसरतं.

ठिपक्यांची केळी वाया घालवायची गरज नाही, त्यांचे गुलगुले करा. दोन केळ्यांचा लगदा, 40 ग्रॅम किसलेला गूळ, 150 ग्रॅम कणीक, दोन मोठे चमचे रवा, एवढ्याचं चमच्यानं सोडता येईल इतपत घट्ट पीठ. पंधरा मिनिटं ठेवून मंद आचेवर तळा. ते मऊच असतात, त्यांच्याकडून कुरकुरीतपणाची अपेक्षा करू नये.

सफरचंदाची साल काढून 8 मिलिमीटरच्या चकत्या, मधला बियांचा भाग गोल कापून टाकायचा. चकत्या मिठाच्या पाण्यात बुडवल्या असतील तर फडक्यात दाबून कोरड्या करा. पेरू घट्ट हवा. सरदार पेरूचा जाड गर यासाठी उत्तम, बियांचा गाभा चमच्यानं कोरून काढायचा. अननस सर्वांत पाणचट. एक सेंटिमीटरच्या चकत्यांवर चमचाभर साखर भुरभुरून पंधरा मिनिटं चाळणीत ठेवा, सुटलेलं पाणी टाकू नका, प्या, आणि चकत्या दोन्ही बाजूंनी पुसून घ्या. डब्यातला अननस असेल तर पाक धुऊन मग पुसा.

मराठवाड्याच्या केसर आंब्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. पण पूर्ण पिकलेला केसर तळायला निरुपयोगी. रंग आलेला पण दाबल्यावर घट्ट लागणारा आंबा घेतला तरच फाकी टिकतात. आंबट-गोड लागतात आणि गोड आवरणाशी उलट जास्त खुलतात. कलिंगड, पपई, पिकला चिकू: सोडून द्या.

मोसंबीच्या फोडी तर अजिबात नाही. फोडीतला रस वाफ होऊन आवरण फाडतो आणि तेल अंगावर उडतं. जालन्याची मोसंबी घरात असेलच तर तिच्या सालीचा फक्त पिवळसर-हिरवा वरचा भाग, पाव छोटा चमचा, किसून पिठात घाला. खालचा पांढरा भाग आला की कडू.

सीताफळाबद्दल सगळेच विचारतात. बालाघाटाच्या डोंगरातली सीताफळं दिवाळीच्या आसपास टोपल्या भरून येतात, त्यामुळं मोह होणारच. पण सीताफळाचा गर तापला की कडवट होतो. तळू नका, थंड तोंडीलावण्यात घाला. त्याचं पुढं सांगतो.

कापलेल्या फळावर कोरडा हात म्हणून एक थर हवा: मैदा आणि कॉर्नफ्लोअर समभाग, दोन-तीन मोठे चमचे ताटलीत. काप त्यात घोळवून, झटकून, मग पिठात बुडवायचे. भज्याचं आवरण टोपीसारखं सुटून येतं ते ही पायरी गाळल्यामुळं. कोरडं पीठ फळावरचा ओलावा टिपतं आणि ओल्या पिठाला धरायला जागा देतं.

तळणीला रिफाईंड तेल. घाण्यावरचं करडीचं तेल भाजीत, चटणीत कितीही चांगलं असलं तरी इथं लवकर धुरावतं आणि त्याचा वास फळाला झाकून टाकतो. काल मिरचीभजी तळलेलं तेल तर मुळीच नको. कढईत किमान पाच सेंटिमीटर खोल तेल असावं, म्हणजे भजं बुडाला टेकत नाही. तापमान केळ्याला 175 ते 180 अंश, सफरचंद आणि पेरूला 165 ते 170. थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब टाका. तळाला जाऊन तिथंच रेंगाळला तर तेल गार. अर्ध्यावरून दोनेक सेकंदांत वर आला आणि भोवती बारीक फेस धरला तर बरोबर. वरच्या वर तडतडून लाल झाला तर आच कमी करून दोन मिनिटं थांबा.

एका वेळी चार ते पाच काप, जास्त नाहीत. थंड पीठ तेल झपकन गार करतं, गार तेलात वाफेचा जोर कमी पडतो आणि भजं तेल पितं. तेलकट भज्यांचं कारण दहापैकी आठ वेळा भरलेली कढई असतं. काप अलगद, तेलाजवळून सोडायचे. पहिली तीस सेकंदं झारा लावायचा नाही, आवरण अजून कोवळं असतं. केळ्याला एकूण दोन ते अडीच मिनिटं, सफरचंद-पेरूला तीन ते साडेतीन. घड्याळापेक्षा कानावर विश्वास ठेवा: आवाज खळखळीवरून बारीक चरचरीवर आला म्हणजे आवरणातलं पाणी संपत आलंय.

काढल्यावर कागदावर रचू नका. वर्तमानपत्राची शाई लागते ती वेगळीच, पण कोणत्याही कागदावर भज्याच्या खाली वाफ अडकते आणि तो भाग ओला होतो. स्टीलच्या जाळीवर, एकमेकांना न टेकवता ठेवा. झाकण तर नाहीच. साखर भुरभुरायची ती ताटात वाढताना, कारण साखर ओलावा ओढते आणि पाच मिनिटांत पापुद्रा चिकट होतो.

पाहुणे असतील तर सफरचंद आणि पेरूसाठी दोनदा तळणं सोयीचं. आधी 165 अंशांवर दोन मिनिटं, रंग न येऊ देता. तासभर आधी हे करून जाळीवर ठेवा. वाढायच्या वेळी 185 अंशांवर मिनिटभर. केळं मात्र दुसऱ्या तळणीत लगदा होतं, ते ऐनवेळीच करावं. एकदाच तळलेली भजी दहा-बारा मिनिटं नीट राहतात. पंगतीला म्हणून पन्नास भजी करून ठेवायचा बेत असेल तर दुसरं काहीतरी गोड करा.

सोबत गरम पाक नको, तो भज्यात मुरतो. थंड आणि घट्ट काहीतरी हवं, आणि तेही वेगळ्या वाटीत. भूम-कुंथलगिरीकडचा खवा मिळाला तर 100 ग्रॅम खवा 150 मिलिलिटर दुधात मंद आचेवर विरघळवा, चमचाभर साखर घाला आणि फ्रीजमध्ये पूर्ण गार करा. सीताफळाचा गर याच्यात, गार झाल्यावरच. बिया हातानं किंवा चाळणीवर दाबून काढाव्यात, मिक्सरला लावू नयेत. त्या फुटल्या तर कडू लागतात आणि खाण्याच्या नसतातच.

उरलेलं तेल कोमट असतानाच फडक्यातून गाळून घ्या. पिठाचे जळके कण तळाला राहिले तर पुढच्या वेळी तेल लवकर काळं पडतं. गोडाच्या तळणीचं तेल आठवडाभरात फोडणीला वापरून टाकावं, पुन्हा तळणीला नको.