काळी माती, बेंटोनाइट आणि फवारणीचं पाणी

उन्हाळ्यात मंगळवेढ्याच्या रानात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात त्या मिटतात. ही किमया मॉन्टमोरिलोनाइटसारख्या चिकणखनिजांची. बेंटोनाइट नावाच्या मातीत हेच खनिज जास्त शुद्ध मिळतं. त्याच्या पापुद्र्यांवर ऋणभार असतो आणि मधे सोडियम किंवा कॅल्शियम पाणी धरून बसलेलं असतं. म्हणून पंप धुतलेल्या पाण्यात उरलेलं फवारणीचं औषध ओढून घ्यायला ही माती वापरता येते, पण प्रत्येक औषधाला ती जशीच्या तशी चालत नाही.

पॅराक्वॉट हे धनभारित तणनाशक. त्याला साधं बेंटोनाइटच घट्ट धरतं, प्रक्रिया करायला जाऊ नका. क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाचं पाण्याशी वाकडं, लिटरभर पाण्यात जेमतेम 1 मिलिग्रॅम विरघळतं. त्याला तेलकट जागा हवी. ती सीटॅब देतं, म्हणजे सेटिल ट्रायमिथाइल अमोनियम ब्रोमाइड, साबणासारखं धनभारित रसायन. ते मातीवर असं चढवतात.

100 ग्रॅम सोडियम बेंटोनाइटची धनायन विनिमय क्षमता (किती धनभारित कण धरू शकतं ते माप) 80 मिलिइक्विव्हॅलंट असेल, तर सीटॅब 29.2 ग्रॅम लागतं (80 × 0.3645). माती 2 लिटर डिस्टिल्ड पाण्यात रात्रभर फुगवा. सीटॅब 1 लिटर कोमट पाण्यात विरघळवा, गार झालं की त्याचे खडे धरतात. ते मातीत ढवळत ढवळत, अगदी हळूहळू ओता आणि चार-पाच तास ढवळत राहा. मग गाळून धुवा, 60 अंशाला वाळवा, कुटून चाळा.

बोअरचं पाणी इथे चालत नाही. सोलापूरकडच्या जड पाण्यातला कॅल्शियम सोडियमला हुसकावतो आणि माती नीट फुगायच्या आधीच गोळा होते. शिवाय धुणं पूर्ण झालं की नाही हे सिल्व्हर नायट्रेटने बघतात: ब्रोमाइड उरलं असेल तर फिकट पिवळसर गढूळपणा येतो. बोअरच्या पाण्यातलं क्लोराइड तिथेही पांढरा गढूळपणा देत राहतं, आणि निकालच कळत नाही. धुण्यात कसूर झाली तर पुढे पाण्याला फेस येतो. हे सीटॅब शेततळ्यातल्या माशांना घातक असतं.

चाचणीसाठी लिटरभर पाण्याला या तयार मातीच्या 1 ग्रॅमपासून सुरुवात करा, दोन तास हलवा. शुद्ध औषधावर आलेला आकडा पंप धुतलेल्या पाण्याला लावू नका. बाजारातल्या ईसी (पाण्यात दुधाळ होणाऱ्या तेलकट) औषधातलं इमल्सिफायर थेंब पाण्यात तरंगते ठेवतं, त्यामुळे माती कमी ओढते. नितळ दिसणं हा पुरावा नव्हे. पिण्याच्या पाण्यात क्लोरपायरीफॉसची मर्यादा लिटरला 30 मायक्रोग्रॅम आहे, ती गॅस क्रोमॅटोग्राफसारख्या प्रयोगशाळेतल्या यंत्रावरच तपासता येते.

गाळणीत नुसती माती भरली तर ती चोंदते, जाड वाळू मिसळावीच लागते. वापरलेल्या मातीत विष तसंच असतं. ती बांधावर टाकू नका, बंद डब्यात ठेवून घातक कचऱ्यातच द्या.