पापी नावाचा अनुवादक

इटलीतल्या पिसाहून लुक्काला जाणारी गाडी अर्ध्या तासात पोचवते. लेक पिसाला शिकते. तिला रविवारची सुट्टी होती आणि महिन्याच्या तिसऱ्या रविवारी लुक्कात जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. "आई, पुण्यात जुना बाजार कमी पडला का?" असं म्हणत ती आली खरी.

लुक्काला भक्कम तटबंदी आहे. सव्वाचार किलोमीटरचा पूर्ण वेढा, वर झाडं आणि सायकली. तिच्याबद्दल सगळ्यांनी लिहून ठेवलंय, तेव्हा मी थेट बाजारात शिरते.

सान मार्तिनोच्या कॅथेड्रलजवळ पितळी नळ, संतांच्या तसबिरी आणि तीन पायांच्या खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांच्या पलीकडे एका आजोबांचं पुस्तकांचं टेबल होतं. त्यातलं चामड्याच्या बांधणीचं एक जाडजूड पुस्तक उचललं. पाठीवरची सोनेरी अक्षरं उडालेली, कडांना वाळवीची नक्षी. उघडलं तर डावीकडे इंग्रजी, उजवीकडे इटालियन. इंग्रज कवी मिल्टनचं 'पॅराडाइज लॉस्ट'! नावाचं पान मात्र कोणीतरी फाडून नेलेलं. आत पेन्सिलीने लिहिलेली एक चिठ्ठी होती. लेकीने वाचली, "अनुवाद, पापी."

मला हसू आवरेना. आदम-इव्हच्या पापाचं महाकाव्य आणि अनुवादक पापी! लेकीने आजोबांना मराठीतला अर्थ सांगितला, तर तेही खो-खो हसले आणि मग खुर्ची ओढून बसले. लाझारो पापी, त्यांच्याच मुलखातला, पेश्याच्या वरच्या डोंगरातल्या पोंतीतो गावात १७६३ साली जन्मलेला. १७९२ मध्ये जहाजावर डॉक्टर म्हणून निघाला तो आपल्याकडे येऊन धडकला. त्रावणकोरच्या राजाच्या नोकरीत राहिला, टिपूविरुद्ध इंग्रजांच्या बाजूने लढला. १८०२ च्या सुमारास परतल्यावर हिंदुस्थानातल्या अनुभवांवर पत्ररूपाने पुस्तक लिहिलं आणि १८११ मध्ये लुक्कातच मिल्टन इटालियनमध्ये छापला. मलबारचा पाऊस खाल्लेला माणूस! मी पुस्तक खाली ठेवलं नाही ते तिथेच.

पापी पहिला मात्र नव्हे. त्याच्या आधी पाओलो रोल्लीने लंडनमध्ये बसून हे काव्य इटालियनमध्ये आणलं होतं. हा रोल्ली संगीतकार हॅण्डेलच्या ऑपेरांना शब्द लिहून देणारा. १७२९ मध्ये पहिले सहा सर्ग निघाले आणि १७३२ मध्ये रोमच्या चर्चने ते निषिद्ध पुस्तकांच्या यादीत टाकले.

खुद्द मिल्टनही लुक्काला आला होता, १६३९ च्या वसंतात, काही दिवसांसाठी. त्याचा जिवलग मित्र चार्ल्स दिओदाती, त्याचं घराणं मूळचं इथलं. पण तो मित्र आदल्या ऑगस्टमध्येच तिकडे लंडनला वारला होता. त्याच्या पूर्वजांच्या या गल्ल्यांतून मिल्टन कसा हिंडला असेल, कोण जाणे.

मी पहिल्या सर्गात ठरलेली जागा शोधत होते. स्वर्गातून फेकलेले देवदूत जळत्या तळ्यावर पडलेत, कसे, तर फ्लॉरेन्सजवळच्या वालोंब्रोझाच्या ओढ्यांवर शरदातली पानं पडावीत तसे. त्याच्या थोडंसं आधी सैतानाची ढाल येते, तिथल्याच फिएझोलेच्या टेकडीच्या माथ्यावरून गॅलिलिओ दुर्बिणीतून बघतो त्या चंद्रासारखी. तरुण मिल्टन नजरकैदेतल्या गॅलिलिओला भेटला होता, आणि पुढे डोळे गेल्यावर हे सगळं त्याने दुसऱ्यांकडून लिहवून घेतलं. सापडलं पान. वालोंब्रोझा डावीकडेही, उजवीकडेही. इंग्रजीत तो शब्द पाहुण्यासारखा आब राखून उभा, आणि समोरच्या पानावर घरच्या ओट्यावर मांडी घालून बसलेला.

गंमत म्हणजे आदम-इव्हची ही कथा मी आधी ओवीत वाचली होती. फादर स्टीफन्स या इंग्रजाने गोव्यात 'क्रिस्तपुराण' मराठीत रचलं, ते छापलं गेलं १६१६ मध्ये, मिल्टनच्या काव्याच्या एक्कावन्न वर्षं आधी. आजोबांना हे सांगितलं. त्यांना ओवी कळली नाही, पण यमक असतं म्हटल्यावर त्यांनी नाक मुरडलं. मिल्टन निर्यमक, पापीही निर्यमक. बरोबर आहे, यमक टाकताना मिल्टनने इटालियन कवींचाही दाखला दिला होता.

सत्तर युरो म्हणाले. नावाचं पान नाही, असं मी चारदा म्हटलं. "आई, पुरे," लेक कानाशी पुटपुटली. पंचावन्नला मिळालं.

परतीच्या गाडीत मी इंग्रजी ओळ वाचायची, तिने समोरची इटालियन, असं ठरलं. इटालियनला ओळी जास्त लागतात, त्यामुळे मला तिच्यासाठी थांबावं लागे. सैतान अजून तळ्यातून पुरता बाहेर आला नव्हता, तेवढ्यात पिसा आलं.